सेन्सर केवढा घ्यावा? भिगवण, कास आणि आकाशगंगा, तिन्हींसाठी एक कॅमेरा

गवतफूल

मिररलेस कॅमेरा घ्यायचा आहे. कामं तीन: हिवाळ्यात भिगवणचे पक्षी, सप्टेंबरात कासची फुलं आणि त्यांवरचे किडे, उन्हाळ्यात हरिश्चंद्रगडावरून आकाशगंगा. दुकानात सांगतात, फुल फ्रेमच घ्या, सेन्सर जेवढा मोठा तेवढा फोटो चांगला. पण फुल फ्रेम बॉडी घेतली की लेन्ससाठी जेमतेम पैसे उरतात. त्याहून लहान सेन्सरचा एपीएस-सी घेतला तर एक बरी टेली (लांबचं जवळ आणणारी लेन्स) आणि वर एखादी मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) बसते. सेन्सरच्या आकाराने फरक नेमका कुठे पडतो आणि कुठे पडत नाही, हे कुणी आकड्यांसकट सांगेल का?

काजवा

आधी मापं बघू. फुल फ्रेम ३६ × २४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिमी. निकॉन, सोनी, फुजी यांचा एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६, म्हणजे ३६७. कॅननचा जरा लहान, २२.३ × १४.९, म्हणजे ३३२. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३, म्हणजे २२५. '१ इंची' म्हणतात तो १३.२ × ८.८, म्हणजे ११६. लांब झूमच्या ब्रिज कॅमेऱ्यांतला १/२.३ इंची ६.१७ × ४.५५, म्हणजे अवघा २८.

'१ इंची' सेन्सरवर कुठेही एक इंच मोजता येत नाही. त्याचा कर्णसुद्धा १६ मिमीच भरतो. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत, त्यांच्या बाहेरच्या व्यासावरून हे नाव आलं आणि तसंच चिकटून राहिलं. म्हणून इंचांवर जाऊ नका, मिलिमीटर बघा.

आता उजेड. ॲपर्चर (लेन्स किती उघडी आहे ते सांगणारा एफ-नंबर) आणि शटर स्पीड तेच ठेवलं तर सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर सारखाच उजेड पडतो. त्यामुळे एकूण उजेड क्षेत्रफळाच्या प्रमाणात. फुल फ्रेमला एपीएस-सीच्या २.३५ पट, म्हणजे सव्वा स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). मायक्रो फोर थर्ड्सच्या ३.८ पट, जवळजवळ दोन स्टॉप. १ इंचीच्या साडेसात पट, तीन स्टॉपला थोडे कमी.

नॉइज मुख्यतः या एकूण उजेडावर ठरतो. प्रकाश कणाकणाने येतो आणि कणांच्या संख्येत वर्गमुळाइतकी चढउतार असतेच. १०,००० कण आले तर चढउतार १०० ची, म्हणजे १ टक्का. २,५०० च आले तर ५० ची, म्हणजे २ टक्के. फोटोत दिसणारी रवाळ झाक म्हणजे हीच टक्केवारी. म्हणून मायक्रो फोर थर्ड्सवर आयएसओ (फोटो किती उजळायचा तो आकडा) १६०० ला जितका नॉइज, साधारण तितकाच फुल फ्रेमवर ६४०० ला.

यात एक अट आहे आणि नेमकी तीच दुकानात कुणी सांगत नाही. दोन्ही सेन्सरवर तेच दृश्य काठोकाठ भरलेलं हवं.

भिंगरी

आणि पक्ष्यांच्या बाबतीत ही अट बहुतेक वेळा मोडते. पक्षी लांब असतो, फ्रेम भरत नाही, शेवटी क्रॉप करावाच लागतो.

छोटा खंड्या घ्या. लांबी १६ सेंमी, अंतर १५ मीटर, लेन्स ४०० मिमी. सेन्सरवर त्याची प्रतिमा पडते १६० × ४०० ÷ १५,००० = ४.२७ मिमी. मागे कुठलाही सेन्सर लावा, प्रतिमा ४.२७ मिमीचीच. एफ/५.६ आणि १/१००० ठेवलं तर त्या खंड्यावरून सेन्सरवर येणारा उजेडही तोच. फुल फ्रेमने जो जादा उजेड गोळा केला तो खंड्याच्या आजूबाजूच्या पाण्याचा आणि लव्हाळ्याचा, आणि तो भाग तुम्ही कापूनच टाकणार आहात.

बदलते ती पिक्सेलसंख्या. २४ मेगापिक्सेल फुल फ्रेमवर पिक्सेल ६ मायक्रॉनचा, त्यामुळे खंड्या ७१० पिक्सेल लांब. ४५ मेगापिक्सेल फुल फ्रेमवर ९८०. २४ मेगापिक्सेल एपीएस-सीवर १,०९०. २० मेगापिक्सेल मायक्रो फोर थर्ड्सवर १,२८०. म्हणजे २४ मेगापिक्सेलची फुल फ्रेम घेऊन तुम्ही जास्त पैसे देता आणि डोळ्याभोवतीची पिसं कमी मिळवता.

उंबरठा

थोडी हरकत आहे. फुल फ्रेमचे पिक्सेल मोठे, मोठ्या पिक्सेलमध्ये जास्त उजेड, म्हणून नॉइज कमी, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. ते चुकीचं कसं?

काजवा

एकेक पिक्सेल १०० टक्क्यांवर पाहिला तर बरोबर आहे. पण फोटो कुणी पिक्सेलने पाहत नाही. दोन्ही फोटो एकाच मापात, समजा १२ × १८ इंचांच्या प्रिंटमध्ये ठेवा. लहान पिक्सेलवाल्यात त्याच जागेत जास्त पिक्सेल येतात, त्यांची सरासरी होते आणि नॉइज जवळपास सारखा दिसतो. प्रत्येक पिक्सेल वाचताना इलेक्ट्रॉनिक्स थोडा स्वतःचा नॉइज घालतं, त्यामुळे अगदी गडद सावल्यांत मोठा पिक्सेल किंचित पुढे राहतो. गेल्या दहा वर्षांतल्या सेन्सरमध्ये हा फरक इतका कमी झालाय की त्यासाठी बॉडी बदलू नये.

आणि आयएसओ वाढवल्याने नॉइज येतो हा समजही इथेच सोडून देऊ. नॉइज येतो उजेड कमी पडल्याने. आयएसओ फक्त तो उजळून दाखवतो.

उंबरठा

पटलं. तरी फुल फ्रेमच्या बाजूने एक मुद्दा राहतोच. निकॉन डी८५० चा पिक्सेल ४.३५ मायक्रॉनचा आणि एपीएस-सी डी५०० चा ४.२. म्हणजे डी८५० च्या मधोमध जवळजवळ अख्खा डी५०० बसलेला आहे आणि वर चारी बाजूंनी मोकळी जागा. उडता पक्षी व्ह्यूफाइंडरमध्ये धरून ठेवायला ती जागा फार उपयोगी पडते. पंख पसरले की एपीएस-सीवर टोकं कापली जातात.

भिंगरी

अगदी मान्य. ४५ मेगापिक्सेल फुल फ्रेम आणि ६०० मिमी लेन्स दोन्ही परवडत असेल तर वादच नाही. पण गवतफूल यांचा प्रश्न एक घेतलं तर दुसरं सुटतं असा आहे, म्हणून लेन्सचं तोंड मोजायला सांगते.

फोकल लेंग्थ भागिले एफ-नंबर म्हणजे लेन्सच्या उघड्या तोंडाचा व्यास. ठरावीक अंतरावरच्या पक्ष्याकडून किती उजेड आत येणार हे हा व्यास ठरवतो. सेन्सरचा त्यात काही वाटा नाही.

सोनी २००-६००, ६०० ला एफ/६.३: ९५ मिमी, वजन २.१ किलो.
निकॉन २००-५००, एफ/५.६: ८९ मिमी, वजन २.३ किलो.
पॅनासोनिक-लायका १००-४००, एफ/६.३: ६३ मिमी, किलोभर.
कॅनन आरएफ १००-४००, एफ/८: ५० मिमी, ६३५ ग्रॅम.
सोनी आरएक्स१० मार्क ४ (लेन्स अंगचीच, खरी २२० मिमी, एफ/४): ५५ मिमी.
निकॉन पी९५० (खरी ३५७ मिमी, एफ/६.५): ५५ मिमी.

उजेड व्यासाच्या वर्गात वाढतो. ८९ मिमीचं तोंड ५५ च्या तुलनेत २.६ पट उजेड आणतं, ९५ चं तोंड ५० च्या तुलनेत ३.६ पट. फुल फ्रेम आणि एपीएस-सी यांच्यातल्या सगळ्या फरकाहून हा फरक मोठा आहे.

शेवटच्या दोन ओळी नीट बघा. पी९५० ला '२००० मिमी' म्हणतात आणि आरएक्स१० ला '६०० मिमी' (तेवढंच दृश्य फुल फ्रेमवर मिळवायला लागणारी लांबी), पण तोंड दोघांचं सारखं. पी९५० मध्ये तोच खंड्या २,८०० पिक्सेल लांब येतो, आरएक्स१० मध्ये ९७० च. तरी पी९५० चा फोटो तिप्पट बारकाव्याचा नसतो. एफ/६.५ ला विवर्तनामुळे (लहान भोकातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) प्रकाशाच्या बिंदूची चकती ८.७ मायक्रॉनची होते आणि पिक्सेल आहे १.३४ चा. एक बिंदू साडेसहा पिक्सेलभर पसरतो. लांबचा पक्षी ओळखायला पी९५० उत्तम, पिसांच्या पोतासाठी नाही. उडत्या पक्ष्यावर त्याचा फोकसही मागे पडतो, तिथे आरएक्स१० बराच पुढे आहे.

गवतफूल

हे पहिल्यांदाच नीट कळलं. मग भिगवणसाठी एपीएस-सी आणि मोठ्या तोंडाची लेन्स हे जवळजवळ ठरलं. सेटिंग काय ठेवावं?

भिंगरी

ऊन पूर्ण चढल्यावर एफ/६.३, १/२५००, आयएसओ ४०० इतका उजेड मिळतो. सूर्य उगवता-उगवता तोच शटर ठेवला तर आयएसओ ६४०० च्या घरात जातो. म्हणून आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ६४००, शटर उडत्या पक्ष्याला १/१६००, बसलेल्याला १/५०० आणि ॲपर्चर पूर्ण उघडं. मागे गडद पाणी असताना रोहित किंवा बगळा असेल तर एक्सपोजर -०.७ करा. नाहीतर पांढऱ्या पिसांतला तपशील जळून जातो आणि तो रॉमध्येही (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येही) परत येत नाही.

होडीत ट्रायपॉड कामाचा नाही. होडीच्या काठावर बीनबॅग ठेवा. पिशवी रिकामी न्यायची, तिथे पोहोचून तांदूळ भरायचे.

एक गोष्ट सेन्सरच्या नावावर उगाच खपते. ऊन तापल्यावर पाण्यावरची हवा थरथरू लागते. ५०-६० मीटरवरचे पक्षी मग कुठल्याही कॅमेऱ्याने मऊच, म्हणजे धूसर, येतात, फोकस अचूक असला तरी. फोटो टोकदार येत नाहीत म्हणून कॅमेऱ्याला दोष देण्याआधी वीस मीटरवरचा एखादा शेकाट्या टिपून बघा. तो टोकदार आला तर दोष हवेचा.

कातळसडा

कासबद्दल मी लिहितो. मॅक्रोमध्ये हिशेब पुन्हा बदलतो, कारण तिथे अडचण असते ती फोकसच्या खोलीची, म्हणजे पुढे-मागे किती भाग स्पष्ट येतो त्याची.

सीतेची आसवं हे फूल किंवा दवबिंदू या कीटक खाणाऱ्या वनस्पतीची एक कांडी ३६ मिमी रुंद चौकटीत हवी आहे असं समजा. फुल फ्रेमवर त्यासाठी १:१ मोठेपणा (प्रतिमा वस्तूएवढीच) लागतो, मायक्रो फोर थर्ड्सवर अर्धाच. एफ/८ ला फुल फ्रेमची खोली साधारण १ मिमी, मायक्रो फोर थर्ड्सची दीड मिमीच्या आसपास. दवबिंदूच्या पानावरचे चिकट थेंब एका रांगेत नसतात, त्यामुळे हा अर्धा मिलिमीटर डोळ्यांना स्पष्ट जाणवतो. तेवढी खोली फुल फ्रेमवर हवी तर एफ/११ च्याही पुढे जावं लागतं. पठारावर वारा असतो, शटर १/२५० खाली नेता येत नाही, मग आयएसओ वाढतो. मोठ्या सेन्सरने नॉइजमध्ये जे कमावलं त्यातलं बरंचसं इथे परत जातं.

दुसरं म्हणजे १:१ ला एफ/८ लावलं तरी प्रत्यक्षात ते एफ/१६ होतं, कारण लेन्स सेन्सरपासून लांब सरकल्यासारखी वागते. मोठेपणात १ मिळवून एफ-नंबरला गुणायचं. म्हणून १:१ ला एफ/१६ लावणारे एफ/३२ वर फोटो काढत असतात आणि लेन्स खराब आहे म्हणून परत करतात. एफ/८ ते ११ वर थांबा. खोली आणखी हवी तर वारा पडलेला असताना फोकस पुढे-मागे सरकवत ८-१० फोटो घेऊन जोडा. बऱ्याच बॉडी हे सरकवणं आपोआप करतात.

उजेडासाठी लहान फ्लॅश आणि पुढे पांढऱ्या फोमचा डिफ्यूझर, विषयापासून १०-१५ सेंमीवर. असा फ्लॅश लावला की आयएसओ २०० ला काम होतं आणि सेन्सरच्या आकाराचा प्रश्नच मिटतो. स्क्रीन बाहेर वळणारी हवी, कारण ही फुलं घोट्याच्याही खाली असतात. आणि कृपा करून पायवाट सोडून गुडघे टेकू नका. एका गुडघ्याखाली पुढच्या हंगामाची रोपं जातात.

ध्रुवतारा

आता आकाशगंगा. तिन्ही कामांत फुल फ्रेमचा दावा इथे सर्वांत भक्कम, कारण आकाश फ्रेम भरून असतं. पण इथेही भिंगरी यांचं तोंड मोजायचं सूत्र लावा.

फुल फ्रेमवर २४ मिमी एफ/२.८: ८.६ मिमी.
एपीएस-सीवर सिग्मा १६ मिमी एफ/१.४: ११.४ मिमी.

दृश्य दोन्हींत सारखंच रुंद. एपीएस-सीवाला १.८ पट उजेड जास्त घेतो. म्हणजे फुल फ्रेम बॉडीवर साधा झूम लावून गडावर गेलात तर स्वस्त बॉडीवर ही प्राइम (झूम नसलेली लेन्स) लावणाऱ्याच्या मागे पडाल. फुल फ्रेमवर २४ मिमी एफ/१.४ लावली तर तोंड १७ मिमीचं होतं आणि फुल फ्रेम सरळ जिंकते. पण ती लेन्स फुल फ्रेमच्या बजेटमध्ये धरूनच तुलना करा.

१६ मिमीवर एफ/१.४ ला कोपऱ्यातले तारे पंख फुटल्यासारखे दिसतात. एफ/२ ला बरेच सुधारतात. तारे लांबट न होता शटर किती वेळ उघडं ठेवता येईल त्यासाठी ५०० चा नियम सांगतात: ५०० ÷ (१६ × १.५), म्हणजे २० सेकंद (१.५ म्हणजे एपीएस-सीची रुंदी फुल फ्रेमहून जितक्या पट कमी तो आकडा). २४ मेगापिक्सेलवर त्यात तारे लांबट येतात. ३०० धरा, १२-१३ सेकंद मिळतील. फोकस हाताने: एक ठळक तारा स्क्रीनवर १० पट मोठा करायचा, सर्वांत बारीक होईल तिथे थांबायचं, मग फोकस रिंगवर चिकटपट्टी.

त्याच चौकटीत लागोपाठ १० फोटो काढून जोडले तर नॉइज ३.२ पट कमी होतो. विंडोजवर सिक्वेटर फुकट आहे. सव्वा स्टॉपच्या फरकासाठी फुल फ्रेम घेण्याआधी हे करून बघा, कारण १० फोटो म्हणजे एकूण उजेडात सव्वातीन स्टॉप.

आकाशगंगेचा गाभा फेब्रुवारीत पहाटे चारच्या सुमारास वर येतो, मेमध्ये रात्री अकरानंतर. अमावस्येच्या आसपासची रात्र धरा.

गवतफूल

मग फुल फ्रेम घ्यावी कुणी?

उंबरठा

ज्याला विषयाजवळ जाता येतं, उजेड कमी असतो आणि फ्लॅश चालत नाही त्याने. नाटकाचा प्रयोग, गाण्याची मैफल, लग्नाचा हॉल. ८५ मिमी एफ/१.८ फुल फ्रेमवर ४७ मिमीचं तोंड उघडते. तेवढंच दृश्य तेवढ्याच उजेडात मायक्रो फोर थर्ड्सवर हवं तर ४२ मिमी एफ/०.९ लागेल.

आणि उगवतीचे डोंगर टिपणाऱ्याने. सर्वांत कमी आयएसओला मोठा सेन्सर मुळात जास्त उजेड साठवू शकतो. त्यामुळे सूर्यासमोरच्या फोटोत कड्याच्या सावल्या उचलल्या तरी स्वच्छ राहतात.

एक खबरदारी. फुल फ्रेम बॉडी आत्ता आणि लेन्स जुन्या एपीएस-सीच्याच, असं करू नका. बॉडी आपोआप क्रॉपमध्ये जाते आणि २४ मेगापिक्सेलचे १० च उरतात. उलटं चालतं: फुल फ्रेमची टेली एपीएस-सीवर उत्तम बसते आणि पुढे बॉडी बदलली तरी कामी येते.

काजवा

फोनचं कुणी विचारायच्या आत लिहितो. २०० मेगापिक्सेलच्या फोनमध्ये साधारण १/१.३ इंची सेन्सर आणि ०.६ मायक्रॉनचे पिक्सेल असतात. सोळा-सोळा एकत्र करून १२ मेगापिक्सेलचा फोटो निघतो, शिवाय अनेक फ्रेम जोडल्या जातात. स्थिर दृश्याला चालतं. हललेल्या पंखाला फ्रेम जोडताच येत नाहीत.

शिसवी

बजेट ताणायचं असेल तर लेन्स वापरलेली घ्या, पण तपासून. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने लेन्समध्ये सोडा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, घेऊ नका. धुळीचे चार कण असले तरी फोटोवर परिणाम नाही. वर्तमानपत्राचं पूर्ण उघडलेलं पान भिंतीवर सपाट चिकटवा, समोरून सरळ, ॲपर्चर पूर्ण उघडून फोटो घ्या. चारही कोपरे सारखे असले पाहिजेत. एकच कोपरा मऊ असेल तर आतली एखादी काच सरकलेली आहे आणि दुरुस्तीचा खर्च लेन्सच्या किमतीच्या जवळ जातो.

बॉडी वापरलेली असेल तर एफ/१६ ला कोऱ्या आभाळाचा फोटो, फोकस जवळ ठेवून. काळे ठिपके धुळीचे, ते साफ होतात. सरळ रेघ किंवा कायमचा ओरखडा दिसला तर घेऊ नका.

गवतफूल

ठरलं. २४-२६ मेगापिक्सेलची एपीएस-सी बॉडी, पक्षी ओळखणारा फोकस असलेली. तिच्यावर फुल फ्रेमची ६०० पर्यंतची टेली वापरलेली, आणि सिग्मा १६ मिमी नवी. मॅक्रो पुढच्या सप्टेंबरपर्यंत. घर चिपळूणला आहे, चार महिने भिंती ओल्या असतात. ठेवायचं कसं?

शिसवी

झाकणाला रबर असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा, सगळं आडवं मावेल एवढा. आत २०० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल कापडी पिशवीत आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. ६० च्या वर गेला की बुरशीला वाव मिळतो. ३० च्या खाली गेला तर पिशवी अर्धी काढा, रबराचे भाग आणि वंगण सुकतं. नारिंगी दाणे हिरवट झाले की वेगळ्या जुन्या पातेल्यात, स्वयंपाकाच्या नाही, मंद आचेवर रंग परत येईपर्यंत परता. डब्यात घालण्याआधी पूर्ण गार होऊ द्या. लेन्सची कापडी आणि चामडी पाकिटं डब्याबाहेर ठेवा, ओल सगळ्यात आधी तीच धरतात.